तपेल्याची आतली बाजू

पितृपंधरवडा लागला की माझं दुकान गप्प होतं. एरवी भांड्यांच्या दुकानात शांतता म्हणून नसते. कोणी डबा नखाने वाजवून बघतं, कोणी झाकण चार वेळा लावून काढतं, कोणी चमच्यांच्या ढिगात हात घालून उगाच खळखळ करतं. या पंधरा दिवसांत मात्र नवं भांडं घरात न्यायचं नाही. गणपतीची गर्दी ओसरलेली असते, घटस्थापनेची अजून यायची असते, आणि पनवेलच्या बाजारपेठेत ऊन दुकानांच्या पायऱ्यांवर येऊन नुसतं बसून राहतं. भाद्रपदातलं हे ऊन ओलसर असतं आणि टोचतंही. पावसाळाभर बांधलेल्या ताडपत्र्या वाळत असतात, त्यांचा उबट वास येतो. दुपारी मागच्या गल्लीतून वडे तळल्याचा आणि गवारीच्या भाजीचा वास येतो. पत्र्यांवर कावळे. सगळ्या बाजारात या दिवसांत त्यांचाच तेवढा रुबाब.

धंद्यातल्या लोकांना हे दिवस आवडत नाहीत. मला आवडायचे. वर्षभर मी इतकी बोलते आणि इतकी भांडते की पंधरा दिवस जिभेला सुट्टी बरी वाटायची. गेल्या वर्षीचा पंधरवडा तर जन्मात विसरणार नाही असं तेव्हाच वाटलं होतं. विसरले नाहीच. पण ज्या कारणाने विसरणार नाही असं वाटलं होतं, ते कारण आता राहिलेलं नाही.

मी जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बाईची मुलगी. दहावीनंतर मीही तेच केलं. डोक्यावर टोपली, खांद्याला गाठोडं, पनवेलच्या चाळी आणि आसपासची गावं. मग हातगाडी, मग भाड्याचा गाळा, मग हे स्वतःचं दुकान. कोणी हात धरून वर आणलं नाही. जे आलं ते तोंडाच्या जोरावर आलं, आणि तोंड माझं बरं नाही, हे मला माहीत आहे. एकदा एका बाईने दोन साड्या पुढ्यात टाकल्या आणि म्हणाली, "पैठण्या आहेत, कुकर दे." मी साडी उन्हात धरली. म्हटलं, "बाई, काठ तेवढा पैठणीचा आहे, मधे सगळी जाळी आहे. गाळणी देते. जातीला जात जुळेल." चाळीतल्या बायका हसल्या, ती चिडली, पण शेवटी गाळणी आणि वर एक वाटी घेऊन गेली. अशा भांडणांत मला मजा यायची. समोरच्याला काय हवंय ते त्याच्या तोंडाआधी त्याच्या हाताला कळतं. कुठल्या भांड्यावर बाईचा हात जरा जास्त वेळ राहिला, तेवढं बघायचं. बाकी सगळं बोलणं असतं.

आई अशी नव्हती. ती घाटावरून इथे आली ती लाजरीच आली आणि लाजरीच राहिली. गल्लीत शिरून "भांडीऽऽ" म्हणून ओरडायची तिला शरम वाटायची. तिच्या टोपलीत तळाला एक मोठं तांब्याचं तपेलं असायचं. त्यात बाकीची भांडी एकात एक बसवलेली. गल्लीच्या तोंडाशी ती टोपली उतरवायची, तपेलं रिकामं करून मांडीवर घ्यायची आणि लोखंडी उलथन्याच्या दांड्याने ठोकायची. दोन सावकाश, तीन घाईचे. परत दोन सावकाश, तीन घाईचे. घराघरांतून बायका म्हणायच्या, "आली गं ती, कपडे काढा." तिचं नाव कोणाला माहीत नव्हतं. ठोका माहीत होता.

ते तपेलं तिने कधी कोणाला दिलं नाही. चांगल्या चांगल्या साड्या नाकारल्या. वीस-बावीस वर्षं एकाच बाजूला ठोकून ठोकून त्या बाजूला देवी आल्यासारखे खड्डे पडले होते. दुसरी बाजू मात्र गुळगुळीत, नवी नवरी जशी. आई गेल्यावर मी ते दुकानात सगळ्यांत वरच्या फळीवर ठेवलं. त्यात काही ठेवायचं नाही, ते विकायचं नाही. घासायचंसुद्धा नाही.

गौतमी माझ्याकडे आली ती नव्या भांड्यांसाठी नाही, मोडीसाठी. विमानतळाला जमिनी गेल्या, उलव्याकडे नव्या बिल्डिंगी उठल्या, आणि भाताची खाचरं नि मिठागरं सोडून माणसं फ्लॅटमध्ये राहायला गेली. फ्लॅटच्या स्वयंपाकघरात हंडा मावत नाही. पाणी तापवायचा बंब तर बाल्कनीतही मावत नाही. ते सगळं माझ्याकडे यायला लागलं, दुकानामागच्या शेडमध्ये ढीग लागला. एक दिवस केस कातरलेली, पस्तिशीची एक बाई त्या ढिगापाशी उकिडवी बसलेली दिसली. तिने बाजूला काय काढून ठेवलं होतं? मधे भोक पडलेला तवा, दात गेलेली किसणी, दरवाज्यांच्या कड्या, किल्ली नसलेली कुलपं.

"तो तवा कशाला घेतेस? भोक पडलंय त्याला."

"भोकासाठीच घेतेय, ताई."

"मग भोकाचे वेगळे लागतील."

ती हसली नाही. विचारात पडली आणि म्हणाली, "बरोबर आहे तुमचं." घासाघीस न करणारं गिऱ्हाईक मला आवडत नाही, संशय येतो. पण हिच्या बाबतीत संशय आला नाही, हीच माझी पहिली चूक. ती म्हणाली ती चित्रकलेचं शिकलेली आहे, आपट्याला नदीकाठी शेड भाड्याने घेतली आहे, आणि पत्र्यावर उठावाचं काम करते. "बघायला या ना." मी म्हटलं, धंदा सोडून कशी येऊ. मग गणपती उठले, पंधरवडा लागला, आणि मी गेले.

आपट्याची ती दुपार अजून अंगावर आहे. पाताळगंगा पावसाच्या पाण्याने भरलेली, गढूळ, पण वेग उतरलेला. काठावरच्या शेतांत भात पोटरीला आलेला. शेडमध्ये राळ वितळवल्याचा वास, देवळातल्या धुपासारखा. राळेत विटेची पूड आणि तेल घालून ती एक जाड थर करायची, त्यावर तांब्याचा पत्रा चिकटवायची आणि मागच्या बाजूने ठोकायची. मागून ठोकलेलं पुढे वर येतं. ठोकणाऱ्याला पुढची बाजू दिसतच नाही, पत्रा सोडवून उलटा केला की मगच कळतं. पत्रा कडक झाला की विस्तवावर लाल करायचा, पाण्यात बुडवायचा. चर्र आवाज होऊन तो पुन्हा मऊ.

भिंतीवर तिने केलेला एक मोठा पत्रा होता. माझ्या ढिगातली सगळी वस्ती त्यात होती. कड्या, किसणी, पळी, कुलपं, सांडशी. पण वस्तू नाहीत, त्यांचे फक्त उठाव. एखाद्या घरावर चादर टाकावी आणि चादरीखाली सगळं तसंच मांडलेलं असावं, तसं. मी त्या कड्या ओळखल्या. कुठल्या घराच्या, ते सांगू शकले असते. ते घर आता नाही, तिथून विमानं उडतात. मी भाव विचारायलाच विसरले. माझ्या ओळखीच्या माणसांना विचारा, असं किती वेळा झालंय.

मग मी रोज जायला लागले. गल्ल्यावर पुतणीला बसवायची आणि अकराची एसटी पकडायची. गौतमीला मी भांड्यांची माहिती सांगायची. कुठला पत्रा ठोक्याला टिकेल, कुठला फाटेल, ते मी नुसतं वाजवून सांगायची. ती म्हणायची, "हे आम्हाला कॉलेजात कोणी शिकवलं नाही." मला बरं वाटायचं. का नाही वाटणार? मला आयुष्यात भाव विचारण्यापलीकडे कोणी काही विचारलं नव्हतं.

एके दिवशी तिने मला पाटावर हात ठेवायला लावला, उपडा, बोटं पसरून. त्यावर तांब्याचा अगदी पातळ पत्रा ठेवला आणि लाकडी काडीने हळूहळू घासत राहिली. एकेका बोटाच्या कडेने, नखांच्या भोवती. पत्रा आधी गार होता, मग माझ्या हाताइतका गरम झाला. बाहेर नदीवर कोणी कपडे धूत होतं त्याचा धप धप आवाज. इतक्या हळुवारपणे माझ्या हाताला कोणी कधी काही केलं नव्हतं. तासाभराने पत्र्यात माझा हात वर आला, फुगलेल्या सांध्यांसकट, वाकड्या करंगळीसकट.

काम करता करता मी बोलायची. धंद्यातल्या गोष्टी. त्यात मी तिला निळ्या लुगड्याची गोष्ट सांगितली. आमच्यात एक नियम आहे. कपडा गाठोड्यात गेला आणि भांडं हातात आलं, की उलटं फिरायचं नाही. नाहीतर बायका घरी जाऊन नवऱ्याशी बोलतात, शेजारणीशी बोलतात आणि परत येतात. एकदा एका सुनेने सासूचं निळं लुगडं मला दिलं, डबा घेतला. मी गल्लीच्या टोकाला पोचले तोवर त्या सासूची मुलगी अनवाणी धावत आली. "ते माझ्या आईचं आहे. महिनापण नाही झाला तिला जाऊन. मला दे." गाठोडं सोडायचाच अवकाश, लुगडं वरच होतं. मी म्हटलं, "गाठोड्यात गेलं ते गेलं." ती म्हणाली, मी डबा आणून देते, वर दुसरा देते. मी टोपली उचलली. हे मी गौतमीला अभिमानाने सांगितलं. नियमाला मी किती पक्की, ते तिला कळावं म्हणून. तिने ठोकणं थांबवून विचारलं, "दिलं का नाही, ताई?" मी म्हटलं, "एकदा दिलं की रोज कोणी ना कोणी धावत येईल."

सर्वपित्रीच्या दोन दिवस आधी ती दुकानात आली. मी खाली बसून तिच्यासाठी पळ्या निवडत होते. वर बघितलं तर ती फळीकडे बघत होती. मला माणसांचे हात बघायची सवय. तिचे हात दोन्ही बाजूंना लटकत होते, पण बोटं हलत होती.

"ते काय आहे, ताई?"

मी सांगितलं. ठोका कसा होता तेही वाजवून दाखवलं. तिने तपेलं मांडीवर घेतलं आणि डोळे मिटून खड्ड्यांवरून हात फिरवला. म्हणाली, "चार दिवस नेऊ? नुसता ठसा घेते बाहेरून."

"कापणार नाहीस."

"नाही, ताई. कापेन कशी?"

आणि मग मी ते बोलले. सवयीने बोलले. आयुष्यात कोणाच्या हातात वस्तू ठेवताना मी दुसरं काही बोललेच नव्हते. म्हटलं, "मग मला काय देशील?"

ती क्षणभर गोंधळली. मग तिने पिशवीतून माझ्या हाताचा पत्रा काढला, म्हणाली, "हा तुमच्यासाठीच आणला होता." मी तो घेतला. तिने तपेलं घेतलं. मला वाटलं, दोन मैत्रिणींत देवाणघेवाण झाली.

चार दिवसांचे आठ झाले. मग दसरा, दिवाळी, मला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. फोन केला की ती म्हणायची, "काम चालू आहे, ताई, प्रदर्शनात तुम्ही बघालच." थंडीत मुंबईला तिचं प्रदर्शन होतं. मी जरीकाठाची साडी नेसून गेले. पांढऱ्या भिंती, पांढरे दिवे, हळू बोलणारी माणसं. सगळ्यांत मोठ्या भिंतीवर एकच गोष्ट होती. आईचं तपेलं. कापलेलं. बूड काढून, काठ काढून, उभं चिरून, सपाट केलेलं आणि आतली बाजू बाहेर करून टांगलेलं.

मी ते आधी ओळखलंच नाही. आपल्या आईचं तपेलं मी आतून कधी बघितलंच नव्हतं. टोपलीत असताना त्यात काहीतरी भरलेलं असायचं, आणि नंतर ते वरच्या फळीवर गेलं. करड्या कल्हईच्या पत्र्यावर शेकडो उंचवटे वर आले होते आणि प्रत्येक उंचवट्याच्या टोकावरची कल्हई झिजून लाल तांबं उघडं पडलं होतं. मधे दाट, कडेला विरळ. शेजारी भिंतीवर एक कार्ड होतं. इंग्रजी मला सावकाश वाचता येतं. तरी तिथे उभ्या असलेल्या एका मुलीला मी विचारलं, "हे काय लिहिलंय?"

ती म्हणाली, "सापडलेली वस्तू. तांब्याचं भांडं. आणि खाली कलाकाराचं नाव."

"कुठे सापडलं?"

"म्हणजे तसं म्हणतात, काकू. वापरातली वस्तू घेऊन काम केलं की."

"अगं, पण सापडलं कुठे? रस्त्यात पडलं होतं?"

माझा आवाज चढला असावा, कारण माणसं वळून बघायला लागली. गौतमी धावत आली, मला बाजूला नेलं. मी तिला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "मी खरंच ठसाच घेणार होते. आत दिवा धरला आणि हे दिसलं. मला राहवलं नाही. तुम्हाला फोन लावणार होते. तुम्ही नाही म्हणाल म्हणून नाही लावला."

नाही म्हणाल म्हणून नाही लावला. हे वाक्य माझ्या कानातून अजून जात नाही. मी नाही म्हणाले असते हे तिला माहीत होतं, म्हणून तिने मला विचारण्याच्या लायकीचीच मानलं नाही. आणि ठोके? वीस वर्षं गल्लोगल्ली बसून ज्या बाईने ते काम केलं, तिच्या जागी "सापडलेली". मी म्हटलं, "माझं मला परत दे." ती रडवेली झाली होती. आणि रडवेल्या माणसाच्या तोंडून कधी कधी जे निघतं ते निघालं. "ताई, तुम्हीच सांगितलं होतं ना. गाठोड्यात गेलं ते गेलं. तुम्ही बदल्यात घेतलं होतंत."

मी परत आले. घरी तिचा पत्रा भिंतीवर होता, तो मी उलटा करून टांगला. मागून बघितलं तर त्यात हात नाही, हाताएवढा खड्डा दिसतो. काढून मात्र टाकला नाही. मोडीत घालायला दोन-तीनदा हातात घेतला. प्रत्येक वेळी परत टांगला.

वर्षभर मी सगळ्यांना सांगत आले. शेजारच्या दुकानदाराला, पुतणीला, एसटीच्या कंडक्टरला. एका शिकलेल्या बाईने माझ्या आईचं तपेलं नेलं आणि फाडलं. नेलं, हाच शब्द. ऐकणारे हळहळायचे. ती निळ्या लुगड्याची मुलगीही असंच सांगत असेल, असं कधीतरी मनात यायचं, की एक भांडेवाली आली आणि माझ्या आईचं लुगडं घेऊन गेली. मग मला दोघींचा राग यायचा, गौतमीचा आणि तिचा. माझी आणि गौतमीची बरोबरी होत नाही, असं मी स्वतःला बजावायची. 'कापणार नाही' असं मी कोणाला सांगितलं नव्हतं. मी तोंडावर नाही म्हणाले होते. हे खरंच आहे. तरी ते लुगडं निळं होतं, हे इतक्या वर्षांनी मला आठवतं, आणि पुढे मी ते कोणाला विकलं ते आठवत नाही.

या वर्षी पंधरवड्याच्या पाचव्या दिवशी, दुपारी, गौतमी रिक्षातून उतरली. चादरीत गुंडाळलेलं काहीतरी मोठं, दोन्ही हातांनी धरलेलं. दुकानात कोणी नव्हतं. तिने चादर सोडली आणि तो तपेल्याचा पत्रा डब्यांच्या फळीला टेकवून ठेवला.

"लोक विकत मागत होते. नाही दिलं. कार्ड बदललंय, त्यावर आता तुमच्या आईचं नाव लिहायचंय. तेच विचारायला येणार होते. पण मग वाटलं, आधी हे तुमच्याकडे यायला हवं."

मी गल्ल्यावरून उठले नाही. म्हटलं, "जसं नेलंस तसं आण."

"ते नाही जमणार, ताई."

"काठ कुठाय? बूड कुठाय?"

"भंगारात गेलं." ते तिच्या तोंडून वदवून घेण्यात मला काही मिळालं नाही. मी वाट बघत होते, ती आता माझ्या हाताचा तो पत्रा परत मागेल. मागितला असता तर मी घरी जाऊन आणून दिला असता, तोंडावर फेकला असता, आणि हिशेब तिथे मिटला असता. तिने मागितला नाही. चादरीची घडी घातली, ती काखेत धरून थोडा वेळ उभी राहिली, आणि गेली. मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. आईचं नावही सांगितलं नाही.

उन्हाची तिरीप दुकानात सरकत सरकत पत्र्यावर आली आणि ते लाल ठिपके पेटल्यासारखे झाले. मी जवळ जाऊन बसले. काही ठोके जोडीने होते, अंतर राखून. काही तीन-तीन, एकमेकांत घुसलेले. दोन सावकाश, तीन घाईचे. काम सुंदर झालं आहे. मला विचारलं असतं तर हे कधीच झालं नसतं. हे दोन्ही मला एकाच वेळी कळत होतं, आणि त्यामुळे राग कमी झाला नाही, उलट त्याला बसायला जागा उरली नाही.

तेवढ्यात उलव्याकडची एक म्हातारी पायरीवर टेकली. एसटीला वेळ होता, सावली बघून आली होती. नऊवारी, हातात औषधांची पिशवी. आत वाकून बघत म्हणाली, "यो काय हाय गो?"

"तपेलं आहे. आईचं."

"आय गो. असा सपाट कोनी केला?" ती उठून आत आली, वाकून त्या उंचवट्यांवर तळवा ठेवला. "चोरीला गेलता काय?"

तोंडावर तेच आलं होतं, वर्षभर घोटलेलं. एका बाईने नेलं. पण म्हातारी माझ्याकडे बघत नव्हती, पत्र्याकडे बघत होती, आणि तिचा हात तिथून निघत नव्हता.

"नाही," मी म्हटलं. "मी दिलं."